उसातलं पाणी आणि वाफेचे चार फेरे

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात ऐन थंडीत पहाटे गेलं, तर आधी काहील दिसतच नाही. दिसतो तो वाफेचा ढग. त्या ढगाच्या आत कुठेतरी गुळव्या उभा असतो आणि खाली चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला माणूस रस काढून उरलेल्या, वाळलेल्या चिपाडाची कवळ आत सारतो, क्षणभर तोंड फिरवतो, पुन्हा सारतो. चार-पाच तास हेच चालतं. आपण गूळ बघायला गेलेलो असतो, पण तिथलं मुख्य काम म्हणजे पाणी उडवणं. गूळ हा मागे उरलेला भाग.

उसात सुमारे 70 टक्के पाणी असतं. एक लिटर पाणी 25 अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला 75 किलोकॅलरी उष्णता पुरते. मात्र उकळलेल्या त्याच पाण्याची वाफ करायला 540 किलोकॅलरी लागतात, म्हणजे सातपटीहून जास्त. चहाचं आधण पाच मिनिटांत येतं आणि विसरलेलं पातेलं आटायला अर्धा तास लागतो, त्याचं कारण हेच. आणखी एक तुलना करतो. हजार लिटर पाणी 100 मीटर उंच चढवायला, पंपातली तूट सोडली तर, जेमतेम पाव युनिटाच्या वर वीज लागते. तेवढ्याच पाण्याची वाफ करायची तर 620 युनिटांहून जास्त ऊर्जा खर्ची पडते. ऊस वाढवण्यासाठी नदीतून उपसा करून पाणी डोंगरउतारावर चढवलं, त्याच्या वीजबिलावर आपल्याकडे केवढं राजकारण होतं! ते पाणी पुन्हा उसातून बाहेर काढायचा खर्च लिटरमागे त्याच्या दोन हजार पटींहून मोठा आहे. तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण त्याचं बिल चिपाडात भरलेलं असतं.

गुऱ्हाळात हे बिल भरता भरता बहुतेक सगळं चिपाड संपतं. साखर कारखान्यात मात्र आपली सगळी यंत्रं चालवून वर वीज विकण्याइतकं चिपाड उरतं. ऊस तोच, पाणी तेच. फरक वाफेचा आहे. गुऱ्हाळाची वाफ एकदाच कामाला येते आणि आभाळात जाते.

ती पुन्हा वापरायची युक्ती नॉर्बर्ट रिलियो नावाच्या माणसाने काढली. जन्म 1806 चा, गाव अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स, आई आफ्रिकी वंशाची, शिक्षण पॅरिसला. लुइझियानात तेव्हा उघड्या कढयांची रांग असे आणि गुलाम माणसं उकळता रस मोठ्या पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतत. त्यात माणसं भाजत आणि रसही करपे. रिलियोने 1843 मध्ये पेटंट घेतलं ते बंद भांड्यांच्या साखळीचं. पहिल्या भांड्यातल्या रसातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्यातला रस उकळते, दुसऱ्यातली तिसऱ्यातला.

इथे एक शंका यायला हवी. पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्यातल्या रसापेक्षा गरम असल्याशिवाय त्याला उकळणार कशी? उत्तर कळसूबाईवर आहे. 1646 मीटरच्या त्या शिखरावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी 94-95 अंशांनाच उकळतं आणि भात कच्चा राहतो. रिलियोने ही तक्रार उपयोगात आणली. प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब आणखी कमी ठेवला, की तिथला रस आणखी कमी तापमानाला उकळतो. आजच्या कारखान्यात चार भांड्यांचा संच सर्रास असतो. कामगार त्याला क्वाड म्हणतात आणि एकेका भांड्याला बॉडी. पहिल्या बॉडीत रस शंभर अंशांच्या वर उकळतो, शेवटच्या बॉडीत निर्वात ओढून 55 अंशांच्या आसपास. काचेच्या झरोक्यातून शेवटची बॉडी बघावी. काळपट, घट्ट सिरप आत जोरात उसळत असतं, पण ते आपल्या घरच्या चहापेक्षा कितीतरी कमी गरम असतं.

आता हिशेब मांडू. 100 टन ऊस गाळला की ढोबळमानाने 100 टन पातळ रस मिळतो, कारण चिपाड धुवायला घातलेलं पाणीही त्यात येतं. तो आटवून सिरप करायचं तर 75 टनांवर पाणी उडवावं लागतं. एकाच भांड्यात हे केलं तर साधारण तेवढीच वाफ हवी. पण 100 टन उसातून निघणारं 28 टनांच्या आसपास ओलं चिपाड जाळलं, तर साठेक टन वाफ बनते. म्हणजे गणित सुरुवातीलाच तुटलं. चार बॉडींत तेच काम वीस टन वाफेत होतं. पुढे साखरेचे दाणे पाडणाऱ्या पॅनना आणि रस तापवायला वाफ लागते ती वेगळी, पण तरीही शिल्लक राहते. वाफेचे चार फेरे झाल्याचा हा नफा.

आणि ही वाफ बॉयलरमधून थेट रसाकडे येतही नाही. ती आधी टर्बाइन फिरवते. रस उकळायला 120 अंशांची मवाळ वाफ पुरते, म्हणून चढ्या दाबाची वाफ बनवायची, तिच्याकडून वीज करून घ्यायची आणि थकलेली वाफ क्वाडकडे पाठवायची. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात.

औष्णिक वीज केंद्रात नेमकी ही दुसरी पायरी नसते. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेला तिथे गिऱ्हाईकच नाही. तिचं पुन्हा पाणी करायचं म्हणून तिची उष्णता शीतकरण मनोऱ्यांतून हवेत सोडतात आणि त्यासाठी आणखी पाणी उडवतात. कोळशातली सुमारे निम्मी उष्णता अशी जाते. मनोरे असलेल्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये घातली. त्याआधीच, 2013 च्या दुष्काळात, परळीचं वीज केंद्र पाण्याअभावी बंद पडलं होतं. 2015 मध्ये पुन्हा तेच झालं. मराठवाड्याबाहेर तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं, की विजेलाही तहान लागते.

कारखान्यालाही साखळीच्या शेवटी थोडी परळीसारखीच अडचण येते. शेवटच्या बॉडीतला निर्वात टिकवायचा, तर तिथून निघणारी वाफ लगेच थंड केली पाहिजे. त्यासाठी अकरा-बारा मीटर उंचीवरच्या कंडेन्सरमध्ये गार पाणी सोडतात. एक किलो वाफेला 30 ते 40 लिटर. ते पाणी चढवायला मोठे पंप, आणि कोमट झालेलं पाणी गार करायला स्प्रे पॉन्ड. कारखान्याच्या आवारात शेकडो कारंजी उडताना दिसतात ती शोभेची नव्हेत. ही शेवटची वाफ जितकी कमी, तितके पंप कमी आणि पाण्याची तूटही कमी. त्यासाठी मधल्या बॉडींमधली वाफ काढून रस तापवायला आणि पॅनकडे वळवतात. जुन्या कारखान्यांना उसाच्या वजनाच्या निम्मी वाफ लागायची, चांगल्या चालवलेल्या नव्या कारखान्यात ती 40 टक्क्यांच्या खाली येते. इथे वाफ वाचवणारा फोरमन पाणीही वाचवतो, त्याला वेगळं काही करावं लागत नाही.

उलट दिशेनेही बघता येतं. एक टन उसाबरोबर 700 लिटर पाणी फाटकातून आत येतं. चिपाडाबरोबर 140 लिटरच्या आसपास जातं, मळी (साखर काढून उरलेला काळा पाक) आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) यांच्याबरोबर थोडंफार. उरलेलं पाचशे लिटरहून जास्त वाफ होऊन निघतं, आणि ते पकडलं तर कारखान्याला नदीवर फारसं अवलंबून राहायचं कारण नाही. बॉडींमधून थेंबाथेंबाने जमणारं हे पाणी गरमच असतं. बॉयलरला तेच परत दिलं तर पाण्याबरोबर इंधनही वाचतं.

फक्त त्यात साखर नको. रस उसळून एखादा फवारा वाफेबरोबर निसटला, तर ती साखर बॉयलरमध्ये आम्ल बनवते, फेस आणते, नळ्या खाते. म्हणून प्रयोगशाळेतला पोरगा परीक्षानळीत ते पाणी घेतो, अल्फा-नॅफ्थॉलचे दोन थेंब टाकतो आणि नळी तिरकी धरून कडेने तीव्र गंधकाम्ल सोडतो. दोन थरांच्या सीमेवर जांभळं कडं उमटलं, की फोन जातो आणि ते पाणी बॉयलरकडून वळवलं जातं. कारखान्यातली इतकी देखणी गोष्ट इतकी नकोशी असते, याचं मला नेहमी नवल वाटतं.

इथवर पाणी आणि ऊर्जा एकाच बाजूला होती. डिस्टिलरीत ती एकमेकांविरुद्ध उभी राहतात. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते बारा लिटर तपकिरी, उग्र वासाचं सांडपाणी निघतं. ते नदीत गेलं की मासे तरंगतात. नदीकाठच्या गावांना हे सांगायला नको. आता ते बाहेर सोडता येत नाही, म्हणून आटवून घट्ट करतात आणि खास बॉयलरमध्ये जाळतात. आटवायचं कशाने? पुन्हा तशाच बॉडींच्या साखळीने, पुन्हा वाफ खर्चून. वर, नुसतं ते सांडपाणी नीट जळत नाही, त्याला कोळशाची किंवा चिपाडाची सोबत लागते. नदी वाचते, पण इंधन मोजून. मला हा सौदा मान्य आहे, मात्र इथेनॉलला हरित इंधन म्हणताना ही वाफ हिशेबात धरावी.

आणि मग हंगाम संपतो. वीज विकायचा करार असतो, राखून ठेवलेल्या चिपाडाचे डोंगर आवारात उभे असतात, म्हणून काही कारखाने एप्रिल-मेमध्येही टर्बाइन चालवतात. पण आता रस नाही. थकलेल्या वाफेचं गिऱ्हाईक गेलं, आणि कारखान्याची छोटी परळी झाली. शीतकरण मनोरा लावावा तर धरणं तळाला गेलेल्या दिवसांत पाणी हवं. पाण्याऐवजी हवेने थंड करणारा कंडेन्सर बसवावा, तर त्याचे भलेमोठे पंखे आपलीच वीज खातात. शिवाय 42 अंशांच्या हवेत वाफ पुरेशी थंड होत नाही, निर्वात ढिला पडतो आणि जनित्राचा आकडा दुपारी खाली येतो, नेमका तेव्हाच जेव्हा गावातले सगळे कूलर सुरू असतात.