शपथपत्रातले ‘अवलंबित’

उमेदवाराने आपली मालमत्ता आणि शिक्षण मतदारांपुढे मांडावे की नाही, हा वाद मराठवाड्यात उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या दिवशी हमखास निघतो. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत हा भाग हैदराबाद राज्यातून मतदान करत होता, तेव्हा असे काही मागण्याची तरतूदच कायद्यात नव्हती. कोणाकडे किती औतांची शेती आहे, हे गावाला तोंडपाठ असे.

खरा पेच २००२ सालचा आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मतदाराचा जाणून घेण्याचा हक्कही येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २ मे रोजी ठरवले, आणि एरवी कशावरही एकमत न होणाऱ्या पक्षांनी त्याविरुद्ध एकमताने लोकप्रतिनिधित्व कायदा दुरुस्त केला. न्यायालयाने काहीही म्हटले असले तरी कायद्यात लिहिले आहे तेवढीच माहिती उमेदवाराने द्यावी, असे सांगणारे कलम ३३-ब त्यात घातले गेले. १३ मार्च २००३ रोजी ते घटनाबाह्य ठरले. त्यानंतर प्रश्न ‘द्यावी की नाही’ हा उरला नाही, ‘कोणाची द्यावी’ हा उरला. चर्चा मात्र अजून पहिल्याच प्रश्नाभोवती फिरते.

या दुसऱ्या प्रश्नाची गाठ ‘अवलंबित’ या शब्दात आहे. उमेदवारी अर्जासोबत द्यायच्या शपथपत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, उमेदवार, पती किंवा पत्नी आणि अवलंबित अशांची मालमत्ता द्यावी लागते. ज्याला उत्पन्नाचे स्वतंत्र साधन नाही आणि जो उपजीविकेसाठी उमेदवारावर विसंबून आहे, तो नातेवाईक अवलंबित. नोकरदार घरात ही व्याख्या चपखल बसते. मात्र जिथे जमीन अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहे, भावाभावांत तोंडी वाटणी होऊन वर्षे लोटली तरी खातेफोड झालेली नाही, कापूस आणि सोयाबीन एकाच घरातून विकले जाते, तिथे कोण कोणावर अवलंबून आहे, हे त्या घरालाही सांगता येणार नाही. स्वतःच्या नावे सातबारा असलेले वडील व्याख्येबाहेर राहतात, दुकान किंवा एजन्सी चालवणारा मुलगाही बाहेर राहतो, आणि उमेदवार कागदावर अल्पभूधारक ठरतो. अविभक्त हिंदू कुटुंबाचा रकाना पुढे आला, तोही मुख्यतः आयकराच्या भाषेतला; शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्राशी कधी संबंधच न आलेल्या कुटुंबाने तिथे काय लिहावे, हे कोडे कायम आहे. याला प्रत्येक वेळी लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल, पण लबाडी करायचीच असेल तर याहून सोयीची जागा नाही.

पुढचे निकाल याच वाटेने गेले. रकाने कोरे ठेवता येणार नाहीत, हे २०१३ मध्ये ठरले. पत्नीच्या नावावरील मालमत्तेसह काही बाबी लपवल्याने ठाणे जिल्ह्यातील एका आमदाराची २००४ ची निवड रद्द झाली होती. तो निर्णय २०१४ मध्ये कायम झाला. २०१८ पासून उत्पन्नाच्या स्रोतावर भर आला. एप्रिल २०२४ च्या निकालाने मात्र मोठ्या मोलाची नसेल तर प्रत्येक जंगम वस्तू सांगण्याची गरज नाही, उमेदवारालाही खासगीपणा आहे, असे म्हणून लगाम थोडा सैल केला.

शिक्षणाचा रकाना त्या मानाने सरळ आहे. मणिपूरमधील एका आमदाराची निवड खोट्या पदवीमुळे रद्द ठरल्याचा निकाल २०१६ चा. आपल्याकडे घोळ होतो तो बहुधा नावांचा, कारण १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा १९९४ मध्ये नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले, त्यामुळे एकाच तालुक्यातील दोन पिढ्यांच्या पदव्यांवर वेगवेगळी नावे दिसतात. शिवाय माहिती देणे वेगळे आणि पात्रतेची अट वेगळी. १९९५ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या सरपंचाला सातवी उत्तीर्ण असण्याची अट हा दुसरा विषय आहे.

शपथपत्र खरे की खोटे, याची चौकशी निवडणूक निर्णय अधिकारी छाननीत करत नाही. खोटेपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि निवडीला आव्हान द्यायचे तर ४५ दिवसांत याचिका करावी लागते. सातबारा आता घरबसल्या पाहता येतो. तोंडी वाटणी त्यावरही उमटत नाही.