डोक्याला मार, अंगदुखी आणि मनस्ताप: एका दिवसाच्या उपचारामागचा जुना वाद

महूची छावणी १८१८ मध्ये मंदसौरच्या तहानंतर वसली, आणि तिच्या शेजारामुळे निवृत्त फौजी इंदूरच्या मराठी घरांना परका नाही. त्यामुळे मेंदूला मार, जुनाट वेदना आणि मानसिक ताण असे तिन्ही एकत्र सोसणाऱ्या माजी सैनिकांसाठी अमेरिकेत आखलेल्या अल्पकालीन, कौशल्ये शिकवणाऱ्या उपचाराचा इतिहास येथे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

या इतिहासाच्या मुळाशी दुखणे शरीराचे की मनाचे, हा वाद आहे. ब्रिटिश डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी पहिल्या महायुद्धात, फेब्रुवारी १९१५ मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ झालेल्या सैनिकांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा तोफगोळ्याच्या हादऱ्याने मज्जासंस्थेला इजा होते असा तर्क होता. परंतु स्फोटाजवळ नसलेल्यांनाही तीच लक्षणे दिसू लागल्यावर ब्रिटिश लष्कराने शत्रूच्या माऱ्याशी संबंध जुळणाऱ्यांना ‘जखमी’ आणि इतरांना ‘आजारी’ ठरवले. जखमीला बाहीवर मानाची पट्टी मिळे, आजाऱ्याला नाही. वैद्यकापेक्षा हिशेबाने काढलेली ही रेषा पुढे दीर्घकाळ टिकली, असे म्हणावेसे वाटते.

१९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी वेदनेचा संदेश मज्जारज्जूत कमी-जास्त होतो आणि त्यावर मेंदूचाही अंमल चालतो असे मांडले, तर १९८० मध्ये आघातोत्तर ताण-विकाराला अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत सूचीत स्थान मिळाले. तरीही दवाखान्यांची दारे वेगवेगळीच राहिली. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या ३४० अमेरिकी सैनिकांच्या २००९ मधील अभ्यासात ४२.१ टक्के जणांना जुनाट वेदना, ताण-विकार आणि मेंदूच्या माराची रेंगाळलेली लक्षणे हे तिन्ही एकदम आढळले. अशा माणसाने तीन विभागांत आठवड्यामागून आठवडे खेटे घालावेत, ही अपेक्षाच मुळात अवाजवी होती, आणि दीर्घ उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाणही मोठे होते.

येथे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी १९८० च्या दशकापासून विकसित केलेली स्वीकार आणि वचनबद्धतेवर आधारलेली उपचारपद्धती उपयोगी पडली. ती दुखण्याचे मूळ शोधत बसत नाही. त्रासदायक विचार आणि वेदना यांच्याशी झुंजण्याऐवजी त्यांना जागा देणे, आपल्याला मोलाचे काय ते ठरवणे आणि त्या दिशेने लहान कृती करणे, एवढीच कौशल्ये शिकवते. लिलियन डिंडो आणि सहकाऱ्यांनी ती याच तिहेरी त्रासाच्या माजी सैनिकांसाठी एका दिवसाच्या कार्यशाळेत बसवली आणि २०२० मध्ये प्राथमिक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाचणी लहान असल्याने त्यांवरून मोठे दावे करू नयेत. पण दिवसभरात पूर्ण होणाऱ्या उपचारात अर्ध्यावर सुटण्याचा प्रश्न बराचसा उरत नाही.

आपल्याकडे २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही अंशदायी आरोग्य योजना आहे. कँटीनसाठी अधूनमधून इंदुराहून महूला जाणाऱ्या सुभेदारसाहेबांना दर आठवड्याच्या भेटीपेक्षा असा एक दिवस काढणे निश्चितच सोपे जाईल.