दीर्घिकासमूहांची भिंगे आणि पुन्हा दिसलेला अतिनवतारा : पार्श्वभूमी

सिंह राशीच्या दिशेला असलेल्या ‘मॅक्स जे११४९’ या दीर्घिकासमूहाच्या (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची प्रचंड प्रणाली) हबल दुर्बिणीने ११ डिसेंबर २०१५ रोजी घेतलेल्या छायाचित्रात एक नवा ठिपका उजळलेला आढळला. समूहाच्या कितीतरी मागे असलेल्या एका दीर्घिकेत झालेल्या ताऱ्याच्या स्फोटाचा तो प्रकाश होता आणि तो कुठे व साधारण केव्हा दिसेल हे खगोलशास्त्रज्ञांनी आधीच जाहीर केले होते. अतिनवताऱ्याच्या (सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याच्या) बाबतीत असे भाकीत करून ते पडताळून पाहण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यामागची कल्पना मात्र अर्ध्या शतकापूर्वीची होती.

वस्तुमानामुळे प्रकाशाचा मार्ग वाकतो हे आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताचे अनुमान १९१९ च्या सूर्यग्रहणात तपासले गेले. सूर्याच्या कडेजवळून येणारा किरण जेमतेम १.७५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) वळतो. रूडी मांडल नावाच्या अभियंत्याच्या आग्रहावरून आइन्स्टाइन यांनी १९३६ मध्ये एखादा तारा आपल्यामागच्या ताऱ्याचा प्रकाश भिंगासारखा कसा वाकवेल याचे गणित प्रसिद्ध केले, पण हा परिणाम प्रत्यक्ष दिसण्याची त्यांना आशा नव्हती. पुढच्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी यांनी एकट्या ताऱ्याऐवजी संपूर्ण दीर्घिका भिंग म्हणून धरली, तर तो दिसण्याची शक्यता बरीच वाढते हे दाखवले. केश (कोमा) या दीर्घिकासमूहातील दीर्घिकांच्या वेगांवरून तिथे दिसते त्याहून पुष्कळ अधिक द्रव्य असले पाहिजे, असे त्यांनी १९३३ मध्येच मांडले होते. त्यामुळे हा विचार त्यांनाच सुचावा यात नवल नाही.

या इतिहासातले सर्वांत दूरदृष्टीचे पाऊल, माझ्या मते, नॉर्वेचे श्यूर रेफ्सडाल यांनी १९६४ मध्ये टाकले. भिंगामुळे एकाच स्रोताच्या अनेक प्रतिमा तयार होतात तेव्हा प्रत्येक प्रतिमेचा प्रकाश वेगळ्या वाटेने येतो. काही वाटा लांबीने जास्त असतात, तर काही अधिक तीव्र गुरुत्वक्षेत्रातून जातात आणि तिथे प्रकाशाला जादा वेळ लागतो. स्रोत स्थिर तेजाचा असेल तर हा फरक कळत नाही. तो अचानक उजळून मावळणारा असेल, तर प्रतिमा पाठोपाठ उजळतात आणि विलंब मोजता येतो. भिंगातील वस्तुमानाची मांडणी ठाऊक असेल, तर या विलंबावरून विश्वाच्या प्रसरणाचा दर, म्हणजे हबल स्थिरांक, काढता येईल, असे रेफ्सडाल यांनी सुचवले. त्या वेळी गुरुत्वीय भिंगाचे एकही उदाहरण सापडलेले नव्हते.

पहिले उदाहरण १९७९ मध्ये जुळ्या क्वासारच्या (क्वासार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचे अतितेजस्वी केंद्र) रूपाने मिळाले. क्वासारचे तेज अनियमितपणे कमीजास्त होत असल्याने त्याच्या दोन प्रतिमांमधील सुमारे चौदा महिन्यांच्या विलंबावर एकमत व्हायला बरीच वर्षे गेली. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही भिंगांच्या गणिती प्रारूपांवर काम चालू होते. सिद्धांतानुसार प्रतिमांची संख्या विषम यायला हवी, मग निरीक्षणात एक प्रतिमा कमी का पडते, या प्रश्नाचा वेध डी. नरसिंह, कंदस्वामी सुब्रमण्यन आणि शशिकुमार चित्रे यांनी १९८६ मध्ये घेतला. त्याच सुमारास एबेल ३७० या समूहात प्रकाशाची लांबलचक कमान सापडली. ती समूहाच्या जवळजवळ दुप्पट अंतरावरील दीर्घिकेची ताणलेली प्रतिमा आहे हे वर्णपटावरून सिद्ध झाले आणि दीर्घिकासमूह हे निसर्गातील सर्वांत मोठे भिंग ठरले.

नोव्हेंबर २०१४ मध्ये पॅट्रिक केली यांना हबलच्या छायाचित्रांत मॅक्स जे११४९ मधील एका लंबवर्तुळाकार दीर्घिकेभोवती एकाच अतिनवताऱ्याच्या चार प्रतिमा दिसल्या. २००९ मध्ये निधन पावलेल्या रेफ्सडाल यांचेच नाव त्याला देण्यात आले. ज्या सर्पिल दीर्घिकेत हा स्फोट झाला, तिच्या तीन प्रतिमा संपूर्ण समूहामुळे बनतात. त्यांपैकी एकीत या चार प्रतिमा दिसल्या होत्या. उरलेल्या दोहोंपैकी एकीत स्फोट नव्वदच्या दशकातच कोणाच्या नजरेस न पडता दिसून गेला असावा आणि दुसरीत तो अजून दिसायचा आहे, असा निष्कर्ष निघाला. वेगवेगळ्या गटांनी आपापली प्रारूपे वापरून भाकिते आधीच प्रसिद्ध केली, नंतर आकडे जुळवून घेण्याची मुभा कोणालाच नव्हती, आणि या प्रयोगाचे खरे मोल मला त्यातच वाटते. ऑक्टोबर २०१५ च्या अखेरीस हबलने पाहणी पुन्हा सुरू केली आणि सहा आठवड्यांत ती प्रतिमा मिळाली.

विलंबाचे अंतिम मोजमाप २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तो ३७६ दिवसांचा निघाला आणि त्यातील अनिश्चितता दीड टक्क्याच्या आसपास होती. निरीक्षणांशी उत्तम जुळणाऱ्या दोन प्रारूपांवरून हबल स्थिरांक दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला ६६.६ किलोमीटर आला. त्यातली अनिश्चितता मात्र पाच-सहा टक्क्यांची होती, कारण समूहातील अदृश्य द्रव्य नेमके कुठे किती आहे हे तेवढ्या काटेकोरपणे माहीत नाही. त्याच वर्षी जेम्स वेब दुर्बिणीने दुसऱ्या एका समूहामागे टिपलेल्या ‘होप’ या अतिनवताऱ्यावरून ७५.४ हा आकडा मिळाला. त्याची त्रुटिमर्यादा याहून मोठी असल्याने दोहोंत उघड विरोध आहे असे म्हणता येत नाही.

‘रेक्विएम’ या अतिनवताऱ्याच्या तीन प्रतिमा हबलच्या २०१६ च्या छायाचित्रात होत्या. त्या २०२१ मध्ये प्रकाशित झालेल्या अभ्यासातून पुढे आल्या आणि चौथी २०३७ च्या सुमारास, दोन वर्षे अलीकडे-पलीकडे, दिसेल असा अंदाज त्या अभ्यासात मांडला होता. त्याच दीर्घिकेत २०२३ मध्ये वेब दुर्बिणीला ‘एन्कोर’ हा दुसरा स्फोट सापडला. विलंब वीसएक वर्षांचा असला की तो मोजताना होणारी काही दिवसांची चूक नगण्य ठरते. तेव्हा अचूकतेचा सारा भार समूहाच्या वस्तुमानाच्या नकाशावर येतो आणि तो नकाशा सुधारण्यासाठी पुढची प्रतिमा दिसेपर्यंतचा वेळ हाताशी आहे.