लस-सहायके : मेंढ्यांच्या आरोग्यावर व वाढीवर होणारे परिणाम

लशीतील प्रतिजनाला (ज्याला ओळखून शरीर प्रतिकार उभा करते त्या घटकाला) शरीराने अधिक जोरकस प्रतिसाद द्यावा म्हणून तिच्यात मिसळलेले द्रव्य म्हणजे सहायक. मेंढ्यांच्या लशींत मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड जेल किंवा खनिज तेल असते. पुणे जिल्ह्यातील धनगरांच्या परिचयाची, पावसाळ्याच्या तोंडावर टोचली जाणारी आंत्रविषाराची (आतड्यातील जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस सहसा पहिल्या प्रकारची. देवी व पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा एक विषाणुजन्य साथरोग) यांच्या लशींत क्षीण केलेले जिवंत विषाणू असल्याने त्यांत सहायक घालत नाहीत.

सहायकांच्या शोधाच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. १९२५ च्या सुमारास पॅरिसजवळ संशोधक गास्तों रामाँ यांना असे दिसले की, टोचल्या जागी गळू झालेल्या घोड्यांच्या रक्तात प्रतिविष (विषाला निष्प्रभ करणारे द्रव्य) अधिक तयार होते. मग त्यांनी टॅपिओकासारखे पदार्थ मुद्दाम मिसळून पाहिले. अ‍ॅल्युमिनियमचे क्षार १९२६ मध्ये लंडनजवळच्या ग्लेनी व सहकाऱ्यांनी वापरले. कल्पना रामाँ यांची व टिकलेले द्रव्य ग्लेनी यांचे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. प्रतिजन टोचल्या जागी होणाऱ्या गाठीत साठून हळूहळू झिरपते, हे ग्लेनी यांचे स्पष्टीकरण मात्र आता अपुरे वाटते. उंदरांत ती गाठ लवकर कापून काढली तरी प्रतिसाद टिकल्याचे २०१२ मध्ये दाखवले गेले.

लोकर बाजूला सारून मानेजवळची कातडी चिमटीत धरली की टोचल्या जागची घट्ट, सरकती गाठ बोटाला लागते. ती बहुधा कणार्बुद, म्हणजे परक्या द्रव्याभोवती संरक्षक पेशी जमून झालेली गाठ, असते. लसिका ग्रंथीत पू धरणाऱ्या जिवाणुजन्य रोगाच्या गाठीशी तिची गल्लत होते; टोचण्याची जागा नोंदवून ठेवल्यास ही गल्लत टळते. तैलयुक्त लशींनी गाठी व गळवे अधिक होतात.

स्पेनमध्ये २००८ नंतर नीलजिव्हा (ब्लूटंग) या विषाणुजन्य रोगाच्या सक्तीच्या लसीकरणापाठोपाठ काही कळपांत अस्वस्थता, एकमेकींची लोकर चावणे, थंडीत बळावणारी क्षीणता व मृत्यू आढळले. सारागोसा येथील लुहान व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याला सहायकजन्य स्वप्रतिरक्षा-दाह लक्षणसमूह (सहायकामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटणे) म्हटले. त्याच गटाच्या पुढील प्रयोगांत नुसते सहायक टोचूनही गाठी झाल्या. पण तेथे मात्रा वारंवार दिल्या होत्या; वर्षाकाठी मोजक्या मात्रा घेणाऱ्या कळपाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे घाईचे होईल.

लशीनंतर एक-दोन दिवस अंग तापते व चारा कमी जातो; निरोगी कोकरू ही तूट सहसा भरून काढते. आंत्रविषार मात्र भरपूर पिणारे, सर्वांत तगडे कोकरूच आधी नेतो, हे लशीचे फायदे-तोटे तोलताना विसरू नये.

बाटलीच्या तळाशी बसलेला पांढरा साका हलवून एकजीव करावा. जेलयुक्त लस गोठू देऊ नये. तैलयुक्त लशीची सुई चुकून बोटात गेली तर जखम क्षुल्लक दिसली तरी तातडीने डॉक्टरकडे जावे व लशीची बाटली सोबत न्यावी.