ट्रंकेतले जुने कागद लेकरांच्या हाती द्या

जुने दस्त, फोटो, लग्नपत्रिका स्कॅन करायला तुम्ही आमच्याकडे येता, तेव्हा लेकरं सोबत असतात आणि बहुतेक वेळा मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेली असतात. काम होईपर्यंत तोच कागद त्यांच्यासमोर ठेवून बघा. शाळेच्या पुस्तकात इतिहासाची लिखित, भौतिक आणि मौखिक साधनं शिकवतात. तिन्ही तुमच्या घरात सापडतात.

एक पथ्य पाळा: आधी काही सांगू नका. ‘हा तुझ्या पणजोबाचा कागद’ म्हटलं की लेकरू मान डोलावून मोकळं होतं. त्यापेक्षा विचारा, यात तुला काय काय दिसतंय?

समजा, निजामाच्या काळातलं शेताचं खरेदीखत आहे. मजकूर उर्दूत नाहीतर मोडीत, घरात कोणालाच वाचता येत नाही. हरकत नाही. शिक्का दिसतो, अंगठ्याचे ठसे दिसतात. सही किती जणांची आणि अंगठा किती जणांनी लावला, हे लेकराला मोजू द्या. सन 1350 दिसला की पोरं चक्रावतात: शिवाजी महाराजांच्याही आधीचा कागद? तो फसली सन, म्हणजे निजामाच्या राज्यात महसुलासाठी चालणारी कालगणना. त्यात 590 मिळवा, 1940 च्या आसपासचं साल निघतं. रक्कम ‘हाली’ रुपयांत असेल, तर ते हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन. इंग्रजी सहा रुपयांना सात हाली असा साधारण हिशोब होता.

जाणकाराकडून खत वाचून घेतलं, तर त्यात चतुःसीमा मिळेल. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, वगैरे. ती वहीत उतरवून लेकराला शेतावर न्या. ओढा आहे का? बांध तिथंच आहे का? वाट कोणी मोडली? (भाऊबंदकी उकरून निघाली, तर आमची जबाबदारी नाही!)

लातूरच्या जुन्या रेशन कार्डावर ‘जिल्हा उस्मानाबाद’ असेल, तर ती छपाईची चूक नव्हे. लातूर जिल्हा 1982 साली झाला, जालना 1981 साली, हिंगोली 1999 साली. तारीख फाटून गेलेल्या कागदाचं वय असंही काढता येतं.

आजीचं सांगणं हेही साधनच, फक्त ताडून बघायचं. ‘किल्लारीचा भूकंप गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे पहाटे झाला,’ असं ती म्हणते. भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, आणि अनंत चतुर्दशी आदल्या दिवशी होती. जुळलं. बहात्तरच्या दुष्काळाचं मात्र तसं नाही. एकाच खडी फोडायच्या कामाबद्दल दोन म्हातारे दोन तऱ्हा सांगतील. खरा कोण, हे लगेच ठरवू नका. त्यांच्यातला खडी फोडायला कोण होता आणि मुकादम कोण, एवढं लेकराला विचारू द्या.

आता आमच्या कामाचं. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका. उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुखरूप निघत नाही. कोणी मागितलं तरी आम्ही ते करून देत नाही. सेलोटेपही नको, तिचे पिवळे डाग पडतात. घड्या जोर लावून उलगडू नका, तसेच घेऊन या. आणि फोटो स्कॅनला देताना मागची बाजूही करायला सांगा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलेली नावं तिथंच असतात.