अर्ध्या सेकंदाचा वाद: नेणीव, निर्णय आणि ताबा यांची पूर्वपीठिका

‘निर्णय मेंदू आधीच घेऊन टाकतो, आपल्याला फक्त नंतर कळवतो’ हे विधान आता सर्रास ऐकू येतं. त्याच्या पाठीशी बहुतेक वेळा एकच नाव उभं केलं जातं, ते म्हणजे अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ सालच्या प्रयोगाचं. वाद मात्र त्याच्या आधी शंभरहून अधिक वर्षं चालू होता, आणि लिबेटनंतरही तो बराच पुढे सरकला आहे. ही मागची-पुढची हकिकत माहीत नसली की दोनच वाटा दिसतात: आपण सगळे कळसूत्री बाहुल्या आहोत असं म्हणून मोकळं व्हायचं, नाहीतर हे सगळं थोतांड म्हणून झटकून टाकायचं.

सुरुवात झाली ती बेडकाच्या पायापासून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भले भले शरीरशास्त्रज्ञ असं मानत की मज्जातंतूतून संदेश जवळजवळ तत्क्षणी जातो, त्याचा वेग मोजणं माणसाला शक्यच नाही. बर्लिनचे योहान्नेस म्यूलर त्याच मताचे. त्यांचाच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ याने १८५० मध्ये बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू घेऊन तो वेग मोजून दाखवला. तो निघाला सेकंदाला साधारण २५ ते ४० मीटर, म्हणजे हवेतल्या आवाजाच्या वेगापेक्षा कितीतरी कमी. संवेदना, विचार आणि हालचाल यांच्यामध्ये मोजता येईल एवढा वेळ जातो, हे एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न टाळता येत नाही: त्या वेळात काय चालतं, आणि त्यातलं आपल्याला किती कळतं?

हेल्महोल्ट्झचं स्वतःचं उत्तर असं, की फारसं कळत नाही. डोळ्यांच्या पडद्यावर पडते ती सपाट, उलटी प्रतिमा. आपल्याला दिसतं ते खोली असलेलं, स्थिर जग. मधलं सगळं अनुमान मेंदू आपल्याला न विचारता काढतो. त्याने त्याला नेणिवेतलं अनुमान म्हटलं. दृष्टिभ्रम हा भ्रम आहे हे पक्कं ठाऊक असूनही तो जात नाही, त्याचं कारण हेच. अनुमान जिथे निघतं तिथे आपल्या ज्ञानाची मात्रा चालत नाही.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मायकेल फॅरेडे वेगळ्याच कारणाने या प्रश्नात ओढले गेले. १८५३ मध्ये युरोपभर टेबलं फिरवण्याचं खूळ पसरलं होतं. माणसं टेबलाभोवती हात टेकून बसत, थोड्या वेळाने टेबल सरकू लागे, आणि श्रेय मृतात्म्यांना जाई. फॅरेडे यांनी हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट पदार्थाने जोडून ठेवले. टेबलाने हातांना ओढलं असतं तर खालचा थर आधी सरकला असता. सरकला वरचा. बसलेली माणसं प्रामाणिक होती, पण ढकलत तीच होती. आणखी मजा पुढे आहे: ढकलणं दाखवणारा काटा त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवल्याबरोबर टेबल फिरायचं थांबलं. आधीच्याच वर्षी विल्यम कारपेंटर यांनी असा सिद्धान्त मांडला होता, की नुसती कल्पना मनात असली तरी इच्छेच्या मध्यस्थीशिवाय स्नायू हलू शकतात. फॅरेडे यांच्या पुठ्ठ्यांनी त्याला पुरावा दिला.

बर्लिनमधला ‘हुशार हान्स’ नावाचा गणिती घोडा याच माळेतला. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवलं की घोडा गणित सोडवत नव्हता. उत्तराच्या आकड्याशी पोचताच प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेची जी बारीकशी हालचाल होई, ती ओळखून तो टाप आपटायचा थांबे. हे गुपित उलगडल्यावरही फुंग्स्ट यांना स्वतःची ती हालचाल रोखणं जमेना. मला हा तपशील घोड्याच्या हुशारीपेक्षा जास्त विचार करायला लावणारा वाटतो.

तत्त्वज्ञानाच्या बाजूने सर्वांत टोकाची भूमिका घेतली टी. एच. हक्स्ले यांनी. १८७४ मध्ये बेलफास्टच्या भाषणात ते म्हणाले की जाणीव ही आगगाडीच्या इंजिनाच्या शिटीसारखी आहे. इंजिन चालतं म्हणून ती वाजते, तिच्यामुळे इंजिन चालत नाही. आजही यापेक्षा नेमकं कोणी फारसं बोललेलं नाही. जे झालं ते बहुतेक या शिटीची परीक्षा घेण्याचंच काम.

मधल्या काळात फ्रॉइड यांच्यामुळे नेणीव घरोघरी पोचली खरी, पण ती दडपलेल्या वासनांची नेणीव होती. प्रयोगशाळेतली नेणीव हिशेब करणारी, बरीच रुक्ष. १८८४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो यांनी स्वतःवरच वजनांचे प्रयोग केले. फरक इतका सूक्ष्म ठेवला की ‘मला काहीच जाणवत नाही, नुसतं ठोकून देतोय’ असं त्यांना वाटावं. तरीही उत्तरं योगायोगाने येतील त्यापेक्षा अधिक वेळा बरोबर आली. १९११ मध्ये जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद यांनी स्मृती गमावलेल्या एका रुग्णेशी हस्तांदोलन करताना हातात टाचणी लपवली. नंतर तिला ना ते आठवले, ना ती टाचणी. पण पुन्हा हात पुढे करताच तिने आपला मागे घेतला. कारण विचारल्यावर म्हणाली, कधी कधी लोक हातात टाचण्या लपवतात!

हे कारण देणं नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे सगळ्यांत मोठा धक्का तिथूनच बसला. अपस्मार आटोक्यात येत नाही म्हणून काही रुग्णांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा जाड पट्टा शस्त्रक्रियेने कापला जाई. १९६० च्या दशकापासून रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझानिगा यांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला. स्पेरी यांना त्यासाठी १९८१ चं नोबेल मिळालं. पुढे गॅझानिगा आणि जोसेफ लेडू यांनी केलेल्या एका प्रयोगात रुग्णाच्या बोलणाऱ्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पाय दाखवला आणि मुक्या उजव्या अर्धगोलाला बर्फाने झाकलेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारी चित्रं निवडायला सांगितली. उजवा हात डावा अर्धगोल चालवतो आणि डावा हात उजवा. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडं. दोन्ही बरोबरच. ‘फावडं का?’ असं विचारल्यावर बोलणाऱ्या अर्धगोलाला बर्फाचा पत्ता नव्हता. तो ‘माहीत नाही’ म्हणाला नाही, अडखळलाही नाही. कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं, असं त्याने सांगून टाकलं.

निरोगी माणसं यात फार मागे नाहीत. १९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी दुकानात स्त्रियांच्या मोज्यांच्या चार जोड्या मांडल्या आणि चांगली कोणती ते विचारलं. चारही तंतोतंत सारख्या होत्या. सर्वांत उजवीकडची जोडी ४० टक्के लोकांनी निवडली, सर्वांत डावीकडची १२ टक्क्यांनी. कारणं मात्र वीण, पोत अशी सांगितली गेली; मांडणीतल्या जागेचा परिणाम झाला असेल का, असं सुचवल्यावर लोकांनी ते उडवून लावलं. २००५ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या पेटर योहान्सन आणि लार्स हॉल यांनी तर दोन छायाचित्रांतला आवडता चेहरा निवडायला लावून हातचलाखीने नाकारलेलाच चेहरा हातात दिला. बहुतेकांच्या ते ध्यानात आलं नाही, आणि न निवडलेला चेहरा आपण का निवडला याची कारणं ते सांगत बसले.

आता घड्याळाकडे येऊ. १९६४ मध्ये फ्रायबुर्गमध्ये हान्स कोर्नहुबर आणि त्यांचे विद्यार्थी ल्यूडर डेके यांना असं पाहायचं होतं, की माणूस आपणहून बोट हलवतो त्याच्या आधी मेंदूत काय होतं. अडचण अशी की तो बोट कधी हलवणार हे आधी माहीत नसतं. त्यांनी डोक्यावरचे विद्युतसंकेत फितीवर नोंदवले आणि फीत उलटी चालवून, हालचालीच्या क्षणापासून मागे जात, अनेक वेळांची सरासरी काढली. हालचालीच्या सेकंदभर किंवा त्याहून आधीपासून हळूहळू चढत जाणारा एक संकेत दिसला. त्याला सज्जता-विभव असं नाव पडलं. शोध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला.

सॅन फ्रान्सिस्कोत लिबेट यांनी त्यात एक प्रश्न वाढवला: हलवावंसं वाटलं ते कधी? सहभागी माणसांसमोर २.५६ सेकंदांत एक फेरी पुरी करणारा ठिपका होता. मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं, आणि इच्छा झाली तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगायचं. सज्जता-विभव हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू होत होतं, इच्छेची जाणीव मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधी. मधले साडेतीनशे मिलिसेकंद हाच पुढच्या चाळीस वर्षांच्या गदारोळाचा विषय. स्वतः लिबेट यांनी इच्छास्वातंत्र्याचा मृत्युलेख लिहिला नव्हता, हे आवर्जून सांगायला हवं. उरलेल्या अवधीत माणूस उठलेली ऊर्मी रोखू शकतो, असं ते अखेरपर्यंत मानत. २००८ मध्ये जॉन-डिलन हेन्स यांच्या गटाने मेंदूच्या चित्रणावरून माणूस डावं बटण दाबणार की उजवं, याचा अंदाज सात ते दहा सेकंद आधी बांधला आणि मथळे पुन्हा झळकले. तो अंदाज बरोबर ठरण्याचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास होतं, आणि नाणं उडवूनही ५० टक्के मिळतात, एवढं मथळ्यांत मावलं नाही.

पहिली भेग जाणिवेच्या वेळेला पडली. विल्यम बँक्स आणि एव्ह इशम यांनी २००९ मध्ये बटण दाबल्यानंतर किंचित उशिराने आवाज ऐकवला, तर लोक आपली इच्छाही उशिरा झाल्याचं सांगू लागले. म्हणजे लिबेट ज्या साक्षीवर विसंबले होते ती साक्षच काही अंशी घटनेनंतर जुळवलेली होती.

दुसरी भेग अधिक खोल, आणि ती थेट फ्रायबुर्गच्या उलट्या फितीपर्यंत जाते. मेंदूतली विद्युतपातळी काहीच कारण नसतानाही खालीवर होत असते. हलण्याचं काही खास कारण नसेल, तर ती योगायोगाने उंबरठ्यापाशी चढते तेव्हा हालचाल घडते, असं एरन शर्गर, जाकोबो सित आणि स्टानिस्लास दहान यांनी २०१२ मध्ये सुचवलं. वाळूत खूण करून तिच्यापर्यंत पोचलेल्या लाटाच तेवढ्या निवडल्या आणि मागे जात सरासरी काढली, तर प्रत्येक लाट आधीपासून तिथे यायला निघाली होती असंच दिसणार. चढता संकेत त्यामुळे दडलेला निर्णय ठरेलच असं नाही. खरा निर्णय अगदी शेवटी, जाणिवेच्या जवळपासच होत असू शकतो. हा आक्षेप मला आतापर्यंतचा सर्वांत भक्कम वाटतो. २०१९ मध्ये उरी माओझ आणि लिआद मुद्रिक यांच्या गटाने त्याला पूरक असं काही दाखवलं: कोणत्या संस्थेला देणगी मिळावी असा परिणाम असलेला निर्णय घेताना सज्जता-विभव जवळजवळ दिसलंच नाही, निरर्थक निवडीत ते ठळक होतं. मनगट हलवण्यावरून आयुष्यातल्या निर्णयांबद्दल बोलण्याची घाई त्यामुळे अंगाशी येते.

नेणिवेच्या बाजूनेही अतिशयोक्ती कमी झाली नाही. १९५७ मध्ये जेम्स विकारी याने चित्रपटगृहात पापणी लवायच्या आत झळकणाऱ्या जाहिरातींनी विक्री वाढल्याचा दावा केला. पुढे त्याने तो रचलेला असल्याचं मान्य केलं. १९९६ मध्ये जॉन बार्ग यांच्या गटाने म्हातारपण सुचवणारे शब्द वाचून तरुण माणसं हळू चालू लागतात असं जाहीर केलं, ते पाठ्यपुस्तकांत गेलं. २०१२ मध्ये ब्रसेल्सच्या स्तेफान दोयेन यांच्या गटाला चालण्याचा वेळ यंत्राने मोजल्यावर तो परिणाम मिळाला नाही. प्रयोग घेणाऱ्यांना ‘ही माणसं हळू चालतील’ असं आधी सांगितलं, तेव्हा मिळाला. हुशार हान्स पुन्हा भेटला म्हणायचा.

ताबा आपल्याकडे आहे ही जाणीव कशी मोजायची, हा धागा यातून वेगळा निघाला. एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये कचेरीतल्या लोकांना एक डॉलरची सोडतीची तिकिटं विकली. ज्यांनी तिकीट स्वतः निवडलं होतं त्यांनी ते परत विकायला सरासरी ८.६७ डॉलर मागितले, ज्यांच्या हातात नुसतं ठेवलं होतं त्यांनी १.९६. जिंकण्याची शक्यता दोघांची सारखीच. २००२ मध्ये लंडनच्या पॅट्रिक हॅगर्ड यांच्या गटाला अधिक सूक्ष्म माप सापडलं: बटण आपणहून दाबलं तर त्यानंतर पाव सेकंदाने येणारा आवाज माणसाला अधिक लवकर आल्यासारखा वाटतो, मेंदूला बाहेरून चुंबकीय झटका देऊन बोट उडवलं तर कृती आणि आवाज यांच्यातलं अंतर असं आकसत नाही.

या मापाचा सर्वांत अस्वस्थ करणारा वापर एमिली कास्पार यांनी हॅगर्ड आणि इतरांसोबत २०१६ मध्ये केला. एक सहभागी दुसऱ्याला पैशाचं नुकसान किंवा सौम्य विजेचा झटका देऊ शकत होता, कधी स्वतःच्या मर्जीने, कधी प्रयोगकर्तीच्या हुकमाने. हुकमाखाली वागताना कृती आणि परिणाम यांच्यातलं अंतर लोकांना जास्त वाटलं, आणि परिणामाला मेंदूने दिलेला प्रतिसादही क्षीण झाला. ‘मला तसं सांगितलं होतं’ हा बचाव नंतर सुचतो असं आपण धरून चालतो. कर्तेपणाची जाणीव करतेवेळीच पातळ झाल्याचं इथे दिसत होतं. दोन वर्षांनी याच मंडळींनी हुकूम देणाऱ्याचंही माप घेतलं. कृती दुसऱ्याच्या हातून होत असताना त्याचीही कर्तेपणाची जाणीव, स्वतः बटण दाबतानाच्या तुलनेत, कमी भरली.