दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधे क्लिअरन्सचं काय होतं: पार्श्वभूमी

अमेरिकेत संरक्षण खात्याचं कॉन्ट्रॅक्ट संपून कोणी घरी बसला की ओळखीतले लोक हमखास एकच विचारतात, तुझी दोन वर्षं कधी भरतायत? म्हणजे क्लिअरन्सची, गुप्त माहिती बघायच्या सरकारी परवानगीची: काम सुटल्यावर दोन वर्षांत नवं काम मिळालं तर ती पुन्हा वापरता येते, नाहीतर तपासणी पहिल्यापासून. हा दोन वर्षांचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो पण तो आला कुठून आणि नक्की कशापासून मोजायचा यावर आजही वाद घालता येतो, म्हणून हे टिपण.

जुना भाग पटकन उरकतो. 1947 ला सरकारी नोकरांची निष्ठा तपासायचा आदेश निघाला, 1953 ला तो बदलून 10450 नंबरचा आदेश आला, बराचसा रोख कम्युनिस्ट शोधण्यावर. खासगी कंपनीतल्या माणसाचा प्रश्न कोर्टात गाजला तो 1959 ला. विमानाच्या कामातल्या एका कंपनीतला इंजिनिअर, चांगला जनरल मॅनेजरच्या पदावरचा, त्याचा क्लिअरन्स काढला, विरुद्ध कोण काय बोललं ते त्याला कळूच दिलं नाही आणि नोकरी गेली. सुप्रीम कोर्ट म्हणालं असं वागायचा अधिकार तुम्हाला कोणी दिलेलाच नाही. मग 1960 ला अधिकार देणारा आदेश काढला गेला, झालं. पुढे 1988 मधे त्याच कोर्टाने हेही सांगून टाकलं की क्लिअरन्सवर कोणाचाच हक्क नसतो. खालचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

आता मुद्द्याचं. ऑगस्ट 1995 ला आदेश 12968 निघाला आणि त्यात सोय केली की सरकारी कामातून बाहेर पडून दोन वर्षांपेक्षा कमी काळ झाला असेल, शेवटची तपासणी पाच वर्षांच्या आतली असेल, माणूस लेखी सांगत असेल की काही बदललेलं नाही आणि रेकॉर्डमधे काही वावगं सापडलं नाही, तर नव्याने पूर्ण तपासणी नको. 1997 च्या तपासणीच्या निकषांत हाच दोन वर्षांचा आकडा पक्का झाला. दोनच का, तीन का नाही, याचं कारण आदेशात दिलेलं नाही, आकडा तेवढा आहे.

गोंधळ इथून सुरू होतो कारण घड्याळं दोन आहेत. एक तपासणीचं, ज्यात सगळ्यात वरच्या पातळीच्या टॉप सीक्रेटला 5 वर्षांनी, सीक्रेटला 10 आणि कॉन्फिडेन्शियलला 15 वर्षांनी पुन्हा तपासणी व्हायची. दुसरं हे खंडाचं, म्हणजे कामातून बाहेर पडल्यापासूनच्या दोन वर्षांचं. सीक्रेटवाला माणूस म्हणायचा माझी अजून सहा वर्षं शिल्लक आहेत आणि एफएसओ, म्हणजे कंपनीचा सिक्युरिटी ऑफिसर, म्हणायचा तुला बाहेर पडून सव्वादोन वर्षं झाली, तू संपलास. दोघंही आपापल्या घड्याळाप्रमाणे बरोबर! त्यात भरतीवाल्यांनी आपली भाषा आणली: काम चालू असेल तर ॲक्टिव्ह, बाहेर आहे पण दोन वर्षांच्या आत आहे तर करंट, गेला तर एक्स्पायर्ड. बायोडेटावर सगळे ॲक्टिव्हच लिहितात ते सोडा.

त्याहून अवघड प्रश्न म्हणजे खंड कसला धरायचा, नोकरीचा की ॲक्सेसचा, म्हणजे प्रत्यक्ष गुप्त माहिती बघायला मिळण्याचा? समजा कंपनीने तुम्हाला काढलं नाही, साध्या कमर्शियल प्रोजेक्टवर टाकलं. आता तुम्हाला गुप्त काही बघायची गरज नाही म्हणून तुमचं डीब्रीफिंग झालं, म्हणजे ॲक्सेस संपल्याची समज देऊन कागदावर सही घेतली. नोकरी चालू आहे, पगार चालू आहे, पण ॲक्सेस शून्य. आदेशातली भाषा कामातून बाहेर पडण्याची आहे आणि प्रत्यक्षात बरेच सिक्युरिटीवाले डीब्रीफची तारीख धरून मोजतात, कारण सिस्टममधे तीच समोर दिसते. म्हणजे माणूस त्याच बिल्डिंगमधे रोज येतोय, कुठेच गेलेला नाही, तरी त्याची दोन वर्षं धावतायत, आणि त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं!

मग कंपनीने ॲक्सेस तसाच चालू ठेवावा की, असं कोणालाही वाटेल. तर तेही चालत नाही. 1993 च्या आदेशाने कंपन्यांसाठी एकच चौकट आणली, त्यातून 1995 ला निस्पॉम, म्हणजे कंपन्यांनी गुप्त माहिती कशी सांभाळायची याचं सरकारी नियमपुस्तक, आलं आणि 2021 मधे ते रीतसर नियम बनलं, पण एक गोष्ट बदलली नाही, की पुढेमागे लागतील म्हणून क्लिअरन्सवाल्यांचा साठा करून ठेवायचा नाही. जेवढे कामाला लागतात तेवढेच. सरकारच्या बाजूने बरोबर आहे, तपासणीचा खर्च सरकारच उचलतं. पण कॉन्ट्रॅक्ट तीन-पाच वर्षांनी रीकॉम्पीटला, म्हणजे नव्याने बोली मागवायला, काढायचं सरकारनेच, त्यामुळे मधे मोकळा काळ पडणार हेही सरकारनेच ठरवल्यासारखं, आणि त्याचा भुर्दंड मात्र माणसाने भरायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. लष्कराच्या रिझर्व्ह किंवा नॅशनल गार्ड या राखीव दलांमधे असलेल्यांचं बरं असतं, त्यांचा क्लिअरन्स तिकडून जिवंत राहतो. बाकीच्यांसाठी नशीब असेल तर नवीन कंपनी जुन्यांनाच त्याच खुर्चीवर घेते.

16 सप्टेंबर 2013 ला वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डमधे एका कॉन्ट्रॅक्टरने गोळ्या घालून 12 जणांना ठार मारलं. त्याची हकिगत या विषयात फार महत्त्वाची आहे कारण दोन वर्षांचा नियम तिथे अगदी लिहिल्याप्रमाणे चालला होता. नौदलात असताना 2008 ला सीक्रेट मिळाला, 2011 च्या जानेवारीत तो बाहेर पडला, 2012 च्या सप्टेंबरमधे कॉन्ट्रॅक्टरकडे लागला. मधे साधारण वीस महिने, म्हणजे मुदतीच्या आत, आणि तपासणीही सीक्रेटला चालणाऱ्या दहा वर्षांच्या आतली. कंपनीने बघितलं, सिस्टमने हो म्हटलं. मूळ तपासणीच्या रिपोर्टमधे आधी अटक झाली त्या प्रकरणात त्याने बंदूक वापरली होती हे आलंच नव्हतं, ती वेगळी चूक. पण चर्चेचा सूर असा लागला की पाच-दहा वर्षांनी एकदा बघून भागणार नाही, सतत बघायला हवं.

त्यानंतर घटना एकावर एक. 2015 ला तपासणीच्या फाइली चोरीला गेल्याचं उघड झालं, 2 कोटी 15 लाख लोकांची माहिती, त्यात 56 लाख लोकांचे बोटांचे ठसे. कामं तुंबली आणि 2018 मधे थकलेल्या तपासण्या सव्वासात लाखांच्या आसपास पोचल्या. नवीन टॉप सीक्रेटला वर्षापेक्षा जास्त लागायला लागलं, त्यामुळे करंट माणसाचा भाव चढला आणि दोन वर्षं भरत आलेली माणसं पडेल तो पगार घेऊन चिकटायला लागली. त्याच वर्षी रेसिप्रॉसिटीचा निर्देश आला की एका खात्याचा क्लिअरन्स दुसऱ्याने पाच कामाच्या दिवसांत मान्य करायचा. कागदावर छान आहे. 2019 च्या ऑक्टोबरमधे तपासणीचं काम संरक्षण खात्याकडे गेलं, 2021 च्या मार्चमधे क्लिअरन्सच्या नोंदींची जुनी सिस्टम जेपास बंद होऊन डिस आलं, आणि 2021 च्याच ऑक्टोबरपर्यंत संरक्षण खात्याचे सगळे क्लिअरन्सवाले सतत तपासणीत घातले गेले.

इथे फारसं कोणी न बोललेली गोष्ट अशी की या बदलाने मधल्या काळाचा अर्थच फिरला. पूर्वी नोकरीत असलेल्या माणसाकडेही पाच-दहा वर्षं कोणी ढुंकून बघत नव्हतं, त्यामुळे घरी बसलेला आणि कामावरचा यांच्यात तसा काही फरक नव्हता. आता कामावरच्याची अटक, कर्ज, सगळं सिस्टमला आपोआप कळतं आणि नोकरी सुटली की नाव त्यातून निघतं. म्हणजे तेच वीस महिने आता अंधारातले झाले. 2019 च्या शेवटी झालेल्या कायद्यात यावरच एक कल्पना तपासायला सांगितली होती, की माणसाला सतत तपासणीत राहू द्यावं आणि क्लिअरन्स कंपनीऐवजी त्याच्या अंगावर आणखी तीन वर्षांपर्यंत चालू द्यावा. माझ्या मते या सगळ्यातली हीच एक सरळ कल्पना होती. 2025 मधे सुरुवातीला कॉन्ट्रॅक्टं धडाधड रद्द झाली आणि ऑक्टोबरपासून 43 दिवस सरकारच बंद होतं, तेव्हा ती फार जणांना आठवली असेल. नुसत्या फर्लोने, म्हणजे तात्पुरत्या बिनपगारी सुट्टीने, घड्याळ सुरू होत नाही, पण कंपनीने काढलं की होतं.

आपल्या लोकांपुरतं सांगायचं तर एच-वन आणि ग्रीन कार्डवाले यात येतच नाहीत, नागरिकत्व लागतं. पण नागरिक झालेले, व्हर्जिनिया-मेरीलँडकडचे बरेच जण असा रिकामा काळ भारतात घालवतात, आईवडिलांचं दुखणंखुपणं, फ्लॅटची कामं. क्लिअरन्स चालू असताना परदेशी जायचं तर आधी कळवावं लागतं, तसा निर्देश 2017 ला निघाला आणि संरक्षण खात्याच्या कॉन्ट्रॅक्टरांना तो 2022 पर्यंत लागू झाला. मधल्या काळात कळवणार कोणाला, एफएसओच नाही. मात्र पुढे नवा एसएफ-86, म्हणजे क्लिअरन्सच्या तपासणीचा फॉर्म, भरायची वेळ आली की सात वर्षांचा परदेश प्रवास, तिकडचे नातेवाईक, सगळं लिहावं लागतं, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) हे भारताच्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व नाही तरी ते पण लिहून टाकलेलं बरं. शिवाय बेकारीच्या प्रत्येक काळासाठी एका माणसाचं नाव लागतं, तुम्ही तेव्हा काय करत होतात आणि पोट कशावर भरत होतात ते सांगू शकेल असा. सहा महिने कोथरूडला काढले असतील तर शेजारच्या काकांपेक्षा त्या काळात तुमच्याशी बोलत राहिलेला इकडचाच कोणी मित्र द्या, म्हणजे तपासनीसाला दिवसा फोन लावता येतो.